हायकोर्टातल्या अपिलासाठी विधी सेवेचा मोफत वकील: माझा अनुभव

कौटुंबिक न्यायालयाचा निकाल विरोधात गेला की बाईला पहिल्यांदा ऐकावं लागतं ते हे: "आता हायकोर्ट म्हणजे लाखाच्या खाली बात नाही." मलाही हेच सांगितलं गेलं, आणि सांगणारे सगळे जाणते लोक होते. हायकोर्टातल्या अपिलासाठीसुद्धा विधी सेवेतून, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी यंत्रणेतून, मोफत वकील मिळतो आणि तो मन लावून काम करतो, हे मात्र कुणी सांगितलं नाही. माझं अपील दाखल झालं आहे, निकाल अजून लांब आहे. पण ही सेवा कुठे चांगली आहे आणि कुठे कमी पडते, हे सांगण्याइतपत अनुभव आता गाठीशी आहे. माझ्यासारखी एखादी निकालाची प्रत पिशवीत घालून या दारातून त्या दारात फिरत असेल, तिच्यासाठी लिहिते आहे.

मी माणदेशातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. नवऱ्याने घटस्फोटाचा दावा लावला. मी कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, दिली आणि त्यासोबत हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली कायमच्या पोटगीचा अर्ज दिला. निकालात घटस्फोट मंजूर झाला, मुलीला महिन्याला थोडी रक्कम ठरली आणि माझा अर्ज नामंजूर झाला. कारण एवढंच की मी कमावती आहे. नवऱ्याची डाळिंबाची बाग आणि त्याचा पिकअप टेम्पो यांचा मात्र निकालात कुठे पत्ता नाही.

आधीच्या वकिलांनी "माझं काम इथवरच" म्हणून फाईल हातात दिली. मग दादा मला आणखी एका वकिलाकडे घेऊन गेला. त्यांनी निकालाची तारीख बघितली आणि म्हणाले, "३० दिवस होऊन गेले, मुदत संपली. आता विलंब माफीचा वेगळा अर्ज करावा लागेल, त्याचे वेगळे पैसे." त्यांनी सांगितलेला आकडा ऐकून दादा गप्प झाला. घरी आल्यावर आई हातातल्या पाटल्या काढायला लागली. मी तिला थांबवलं आणि दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या कोर्टात गेले, कारण तिथे विधी सेवा समितीचं कार्यालय आहे हे मला ठाऊक होतं. बालविवाहाच्या शिबिराला तिथलीच माणसं आमच्या गावात आली होती.

कार्यालयाच्या दाराशी उभ्या असलेल्या एकाने सांगितलं, आधी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढा, मग या. आतल्या कर्मचाऱ्याने ते ऐकलं आणि तो उठून बाहेर आला. "ताई, तुम्हाला दाखला लागत नाही. बायकांना उत्पन्नाची अट नाही." हे त्याने स्वतःहून सांगितलं याचं मला फार बरं वाटलं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. स्त्रिया आणि मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग, औद्योगिक कामगार, आपत्तीत सापडलेले, कोठडीत असलेले, या सगळ्यांना मोफत वकील मिळतो. उत्पन्नाची मर्यादा आहे ती बाकीच्यांसाठी. ज्या मानधनाचं कारण देऊन माझी पोटगी गेली, ते मानधन इथे तरी आड आलं नाही.

अर्ज अगदी साधा आहे. नाव, पत्ता, आधारची प्रत, निकालाची प्रत आणि कशाविरुद्ध दाद मागायची आहे त्याचा थोडा मजकूर. तालुक्याला जमत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात द्या, नाहीतर नालसाच्या, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर भरा. १५१०० या क्रमांकावर फोन केला तरी कुठे जायचं ते सांगतात.

पहिली उणीवही इथलीच. माझा अर्ज तालुक्यातून वर जाणार आणि हायकोर्टाच्या पातळीवरची समिती वकील नेमणार, असा तो प्रवास. पण कागद कुठवर पोचला हे कुणी आपणहून कळवत नाही. विचारलं की "वर पाठवलाय" एवढंच उत्तर. अपिलाला मुदत असते, एकेका दिवसाला किंमत असते, आणि अर्जदार घरी वाट बघत बसलेली असते. एक साधा मेसेज आला असता तरी जिवाला स्वस्थता मिळाली असती. म्हणून सांगते, अर्ज दिलात की पोच घ्या, अर्ज पुढे गेला की त्याचा जावक क्रमांक मागून घ्या, आणि पुढे विचारताना तो क्रमांक सांगून विचारा. मी तसं करायला लागल्यावरच उत्तरं नीट मिळायला लागली.

दरम्यान नकलेचं काम उरकून घ्यायचं. इंटरनेटवरून निकाल उतरवून घेता येतो, वाचायला तो पुरतो, पण अपिलाला जोडायला न्यायालयाच्या शिक्क्याची प्रमाणित नक्कल लागते, निकालाची आणि हुकूमनाम्याची (निकालावरून निघणाऱ्या औपचारिक आदेशाची), दोन्हींची. तिच्या शेवटच्या पानाच्या मागे एक शिक्का असतो. त्यात हाताने लिहिलेल्या तारखा असतात: नकलेचा अर्ज कधी आला, नक्कल तयार कधी झाली, दिली कधी. माझ्या नकलेवर तयार झाल्याच्या तारखेची शाई फाकली होती. तो आकडा ३ आहे की ८ हे कळत नव्हतं. मी त्याकडे लक्षही दिलं नव्हतं. पुढे समितीने नेमून दिलेल्या वकील मॅडमनी मात्र पहिल्यांदा तेच पान उलटलं, ट्यूबलाइटखाली धरलं आणि म्हणाल्या, "ही तारीख आधी पुन्हा लिहून, सही करून आणा. बाकीचं नंतर बोलू." नकलेचा अर्ज दिल्यापासून नक्कल तयार होईपर्यंतचा काळ मुदतीतून वजा होतो, म्हणून त्या एका आकड्याला एवढं महत्त्व. आणि हो, नक्कल तयार झाल्यानंतर ती तिथेच पडून राहिली तर ते दिवस वजा होत नाहीत. तयार झाली की लगेच उचला.

आता मुदतीचं. कौटुंबिक न्यायालय कायदा १९८४ चा आहे आणि त्याच्या कलम १९ मध्ये अपिलाला ३० दिवस दिले आहेत. पण हिंदू विवाह कायद्याच्या कलम २८ मध्ये २००३ च्या दुरुस्तीने ९० दिवस झाले. दोन कायद्यांत दोन मुदती. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१६ मध्ये यावर निकाल दिला की हिंदू विवाह कायद्याखालच्या प्रकरणांत कौटुंबिक न्यायालयाच्या निकालाविरुद्ध अपील करायला ९० दिवसच धरायचे. म्हणजे माझी मुदत संपलीच नव्हती. विलंब माफीचा अर्ज आणि त्याचे वेगळे पैसे, दोन्ही विनाकारण होते. हे मॅडमनी मला पूर्णपीठाच्या त्या निकालाची प्रत दाखवून समजावलं, तेव्हा मला रडू आलं. किती बायका ते "मुदत संपली" ऐकून घरी परत गेल्या असतील. तरीही ९० दिवस आहेत म्हणून निवांत राहू नका. तुमचा विवाह दुसऱ्या कायद्याखाली असेल तर हिशोब वेगळा होतो. ३० दिवसच आहेत असं समजून कामाला लागा.

मला कोल्हापूरच्या एक वकील मॅडम नेमून मिळाल्या. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर भरणारं पीठ, सुरू झालं आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणं आता तिथे चालतात. सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत ते भरतं. त्यासाठी इथल्या वकिलांनी आणि लोकांनी चाळीसहून अधिक वर्षं आंदोलन केलं. त्याची किंमत आम्हा माणदेशातल्या माणसांना विचारा. सकाळच्या एसटीने मिरजेवरून कोल्हापूर गाठायचं, काम करायचं आणि रात्री घरी पोचायचं. मुंबईला जायचं म्हणजे रात्रीचा प्रवास, राहायची सोय, सोबतीला माणूस, बुडालेला रोज. कितीतरी जणींचं अपील त्या प्रवासातच मेलं असेल. सोलापूर शहरातल्या किंवा बार्शीकडच्या लोकांचं मत थोडं वेगळं आहे, तेही खरं आहे. त्यांना मुंबईची रात्रीची गाडी सोयीची होती आणि कोल्हापूरचा रस्ता आडवा पडतो.

मॅडमची पहिली भेट मी कधी विसरणार नाही. त्यांनी निकालाची इंग्रजी प्रत मध्ये ठेवली, मला शेजारी बसवलं आणि एकेक परिच्छेद मराठीत सांगायला सुरुवात केली. प्रत्येक परिच्छेदाच्या कडेला पेन्सिलने खूण: हा नवऱ्याच्या बाजूचा मजकूर, हा तुमचा, हा साक्षीचा, इथून न्यायाधीशांची कारणं. खटला एवढी वर्षं चालला, पण त्यात नेमकं काय लिहिलं आहे हे मला त्या दिवशी कळलं. कारणांच्या भागाशी आल्यावर त्या थांबल्या. "तुम्ही सातबारा दाखल केला होता?" मी म्हटलं, केला होता, त्याला निशाणी (पुराव्याचा क्रमांक) पण पडली आहे. त्यांनी माझ्या फाईलमधून निशाण्यांची यादी काढली. सातबारा होता, पीकपाहणीत डाळिंब लिहिलेलं होतं. मग त्यांनी निकालाची पानं पुन्हा चाळली. निकालात त्या निशाणीचा उल्लेखच नव्हता.

"हा तुमचा पहिला मुद्दा," मॅडम म्हणाल्या.

दुसरा मुद्दा नवऱ्याच्या प्रतिज्ञापत्राचा निघाला. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात सांगितलं आहे की पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंनी आपलं उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. बायको कमावते एवढ्याच कारणावर पोटगी नाकारता येत नाही, हेही त्याच निकालात आहे. ती मिळकत सासरी असताना होतं त्या राहणीमानाला पुरते का, हे बघावं लागतं. माझ्या नवऱ्याच्या प्रतिज्ञापत्रात शेतीच्या रकान्यात नुसती आडवी रेघ होती. माझ्याकडून मात्र पासबुकाचं पान न् पान मागून घेतलं होतं.

मॅडमनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली. अपील म्हणजे खटला पहिल्यापासून नव्याने चालवणं नाही. जे कागद आणि ज्या साक्षी खाली झाल्या, त्यांच्यावरच वरच्या न्यायालयात युक्तिवाद होतो. नवा पुरावा द्यायचा तर वेगळी परवानगी लागते आणि ती सहज मिळत नाही. माझा सातबारा वेळेवर दाखल झाला होता म्हणून आज तो कामाला येतो आहे. ज्यांचा खटला अजून खाली चालू आहे त्यांनी हे ध्यानात ठेवावं. हातातला प्रत्येक कागद तिथेच दाखल करा, त्याला निशाणी पडली का ते डोळ्याने बघा.

मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला घटस्फोटाविरुद्ध अपील करायचंय की पोटगीविरुद्ध?" गावातले लोक, नातेवाईक, सगळ्यांचं एकच म्हणणं होतं: घटस्फोटच अडवून धर, त्याला दुसरं लग्न करू देऊ नको. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १५ प्रमाणे अपिलाची मुदत चालू असेपर्यंत, आणि अपील केलं असेल तर ते फेटाळलं जाईपर्यंत, पुन्हा लग्न करता येत नाही. म्हणजे तो मार्ग होता. मॅडमनी तो मांडला, त्याला लागणारा वेळ सांगितला, आणि ठरवायचं माझ्यावर सोडलं. मला त्या घरात परत जायचं नव्हतं. मला माझ्या कष्टाचा आणि माझ्या मुलीच्या शिक्षणाचा हिशोब हवा होता. म्हणून अपील फक्त पोटगीच्या नामंजुरीपुरतं केलं. माझ्या मते या सगळ्या सेवेत सगळ्यात मोलाचं काम हेच झालं. पैसे घेणाऱ्या वकिलांपैकी कुणी मला हा प्रश्न विचारला नव्हता.

कोणत्या निकालाविरुद्ध कुठे जायचं यात बराच गोंधळ होतो. कौटुंबिक न्यायालयाचा अंतिम निकाल असेल तर अपील थेट हायकोर्टात, आणि ते दोन न्यायमूर्तींच्या पीठापुढे चालतं. तुमच्या जिल्ह्यात कौटुंबिक न्यायालय नसेल आणि दावा दिवाणी न्यायाधीशांपुढे चालला असेल, तर अपील जिल्हा न्यायालयात जातं. परस्पर संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर कौटुंबिक न्यायालय कायद्याखाली अपील नाही, म्हणून संमतीच्या कागदावर सही करताना शंभरदा विचार करा. खटला चालू असतानाच्या मधल्या आदेशांवरही या कायद्याखाली अपील होत नाही. आणि ज्याला आपण "१२५ ची पोटगी" म्हणतो, जी १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आली आहे, तिच्या आदेशाविरुद्ध अपील नसून रिव्हिजनचा, म्हणजे फेरतपासणीचा, अर्ज असतो. वकिलाकडे जाण्याआधी आपला आदेश कोणत्या कलमाखालचा आहे हे पहिल्या पानावर बघून ठेवलं तर बोलणं सोपं जातं.

खर्चाचं विचाराल तर वकिलांना मी एक रुपया दिला नाही. त्यांनी मागितलाही नाही. विधी सेवेच्या वकिलाने पक्षकाराकडून पैसे घ्यायचे नसतात. कुणी मागितले तर समितीकडे लेखी तक्रार करा. कोर्ट फीचाही बोजा पडला नाही. पोटगी, घटस्फोट, हिंसाचार, मालमत्तेचा वाद अशा प्रकरणांत महाराष्ट्रात स्त्रियांना १९९४ च्या अधिसूचनेने कोर्ट फी माफ आहे. माझे पैसे गेले ते एसटी, झेरॉक्स आणि नकला यांना.

भाषांतराने मात्र जीव काढला. हायकोर्टाचं काम इंग्रजीत चालतं. माझी साक्ष मराठीत झालेली, पासबुकावरच्या नोंदी मराठी, ग्रामपंचायतीचे दाखले मराठी. त्यातलं लागेल ते सगळं इंग्रजीत करून घ्यावं लागलं. मॅडमच्या हाताखालच्या शिकाऊ मुलीने ते केलं म्हणून निभावलं. "पीकपाहणी" इंग्रजीत कशी लिहायची यावर दोघींचं बराच वेळ चाललं होतं. विधी सेवेतच भाषांतराची सोय हवी. मराठी बाईने मराठीत दिलेली साक्ष महाराष्ट्रातल्या न्यायालयात पोचवायला दुसऱ्याच्या मेहेरबानीवर अवलंबून राहावं लागू नये, असं मला मनापासून वाटतं.

अपील दाखल केल्यावर हायकोर्टाच्या कार्यालयाने त्रुटी काढल्या: पानांचे क्रमांक, फिकट झेरॉक्स, एका प्रतिज्ञापत्रावर राहिलेली तारीख. हे होतंच, असं मॅडम म्हणाल्या. त्रुटी दूर केल्याशिवाय प्रकरण बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, येत नाही, म्हणून त्यासाठी बोलावलं की लगेच जावं.

ई-कोर्ट्स सर्व्हिसेस हे मोबाईल अ‍ॅपही सांगण्यासारखं आहे. मोफत आहे. प्रकरणाचा १६ अक्षरी सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख, आधी काय झालं, कोणता आदेश झाला, सगळं दिसतं. मी तो क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे. तारीख पडली का म्हणून वकिलांना फोन करत बसावं लागत नाही, त्यांचाही वेळ वाचतो. पण नोंदी इंग्रजीत आणि तुटक असतात. एकदा माझ्या प्रकरणापुढे अशी नोंद दिसली की वाटलं सगळं फेटाळलं गेलं. मॅडमना विचारलं तेव्हा कळलं, फक्त एक त्रुटी निकाली निघाली होती. अ‍ॅपवर तारीख बघा, अर्थ मात्र वकिलालाच विचारा.

आता राहिलेल्या उणिवा. वकील आपण निवडत नाही, समिती नेमते. माझं नशीब चांगलं. कोर्टाच्या व्हरांड्यात भेटलेल्या एका बाईचा अनुभव उलटा होता, तिचे वकील फोनच उचलत नव्हते. तिला माहीत नव्हतं की वकील बदलून मागता येतो. समितीला कारण लिहून अर्ज द्यायचा, भांडायची गरज नाही. माझ्याही मॅडम दिवसा फोनवर मिळत नाहीत, त्या कोर्टात उभ्या असतात. संध्याकाळी सातनंतर बोलतात, आणि तेव्हा नीट बोलतात. या वकिलांना शासनाकडून मिळणारं मानधन त्यांच्या कामाच्या मानाने फार कमी आहे. मानधनावर घर चालवणं काय असतं हे मला कुणी सांगायला नको. ते वाढलं तर चांगले वकील या कामात टिकतील.

सध्या नवऱ्याला नोटीस लागली आहे आणि अपील चालेपर्यंतच्या अंतरिम पोटगीचा अर्ज सुनावणीला यायचा आहे. सेवेला पाचपैकी चार गुण देते. एक कापला तो अर्जाच्या प्रवासात कुणी काही कळवत नाही त्याचा आणि भाषांतराचा मिळून. ज्यांचा निकाल नुकताच लागला आहे त्यांनी आजच नकलेचा अर्ज द्यावा आणि तीच पोच घेऊन विधी सेवेच्या कार्यालयात जावं. अंतरिम अर्जाचा आदेश झाला की काय झालं ते इथे लिहीन.